अठरा फुटांची गंजी

१९८६ साली सरकारने धानोऱ्याच्या अलीकडे तणशीवर दिवे लावायचे ठरवले. धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंडून जाळायची, तिचा गॅस इंजिनात सोडायचा आणि तीन गावांना वीज द्यायची. इंजिन यायचे होते. तणीस मात्र बैलबंड्या भरभरून आली. डिसेंबरातल्या अवकाळी पावसातही आली, कारण ओली आणू नये असे परिपत्रकात कुठे म्हटले नव्हते.

तिची अठरा फूट उंच गंजी रचली, वर ताडपत्री ओढली. भांडारप्रमुख गुणवंतरावांनी टेपने मोजून उंची वहीत लिहिली. राखणीला टोली या शेजारच्या वस्तीवरचा मुखरू होता. उद्घाटनानंतर त्याला कायम करणार, असे त्यांनी तोंडी सांगितले होते.

मुखरू सकाळी गंजीत लांब सळई खुपसून ठेवी आणि दुपारी ओढून मुठीत धरी. ओली तणीस आतून तापते, हे इथे योजनेशिवायही माहीत असते. एका दुपारी त्याने सळई हातातून टाकून दिली.

"भाऊ, आत निखारा होऊन राह्यला जी. गंजी मोकळी करू द्या. हात लावून पाहा."

गुणवंतरावांनी हात पाठीमागे बांधले. "हाताची मोजणी चालत नाही. गुरुवारी उद्घाटनाला पाहुणे येतील, त्यांना काय पसारा दाखवू?"

बुधवारी त्यांनी पुन्हा टेप लावला. सोळा फूट भरली. टेपवर त्यांचा फार विश्वास. दोन फूट गेले म्हणजे कोणीतरी नेले, आणि राखणदाराकडे दोन बैल होते. ते थेट मुखरूच्या गोठ्यात गेले. गोठ्यात तणीस सापडली.

"ही कुठची?"

"माह्या वावरातली जी."

"कशावरून?"

मुखरूची बायको आशाबाई शेण काढत होती. "बैलाच्या तोंडात पाहा भाऊ. सरकारी शिक्का असन तर तिथीच असन."

गुणवंतरावांनी चोरीचा कागद लिहायला घेतला. नोकरी जाणार, ते मुखरूला कळले होते. पण आपल्याच बैलांदेखत चोर ठरणे त्याला जास्त लागले.

"नेली असती तं कडेची गेली असती, भाऊ. मधातली कोण नेते? मधातच खड्डा पडला. चढून दाखवतो."

मुद्दा बिनतोड होता. गुणवंतराव म्हणाले, "दाखव."

तिघे गंजीपाशी आले. शिडी लावलेलीच होती. आशाबाई मागून ओरडली, "फळी टाकल्याबिगर पाय नोको ठेवू! थांब, मी आणतो!" ती फळी आणायला धावली.

गुणवंतरावांनी घड्याळ पाहिले. "आटप."

मुखरूला ते जास्त जवळून ऐकू आले. तो वर पोचला, ताडपत्री बाजूला सारून दोन पावले पुढे गेला आणि त्याने हात उंच केला.

"हे पाहा भाऊ, इथी..."

गंजीने त्याला आत घेतले. फारसा आवाज झाला नाही. वर हातभर तणीस शाबूत होती, खाली राख. मग त्या भोकातून वारा आत शिरला आणि जाळ वर आला. आशाबाई फळी घेऊन धावत आली, तेव्हा जाळ पाहून जमलेल्या चौघांनी तिला धरले. फळी तिने सोडली नाही.

गंजी दोन दिवस जळली. पाहुण्यांना वेळीच कळवले.

पंधरा दिवसांनी गुणवंतराव कागद घेऊन टोलीवर आले. "बाई, मुखरू निर्दोष ठरला. गंजी आतून जळून खचली, चोरी झाली नाही, असा अहवाल आहे. पोच म्हणून त्याची सही... म्हणजे, तुमचा अंगठा."

आशाबाई गोठ्यात गेली आणि राखेतून काढून आणलेली सळई घेऊन आली.

"धरा."

त्यांचे हात सवयीने पाठीमागे गेले. मग एक पुढे आला.

"तापली का?"

"नाही."

"त्या दिवशी तापली होती."

दुसरे टोक आशाबाईने सोडले नाही, त्यामुळे गुणवंतरावांनाही सोडता येईना. दोघे ती सळई धरून तसेच उभे राहिले. मागे बैल तणीस खात होते.