चेहऱ्यावरचा काळा चौकोन

माझ्या मुलाची, लिसिआतेची, रिकामी होडी आमच्या वावाऊ बेटाच्या किनाऱ्याला लागली; तो काही सापडला नाही. घराच्या कुंपणावर दुखवट्याचं काळं-जांभळं कापड चढलं. त्यावर लावायचा त्याच्या फोटोचा फलक मीच करीन म्हणाले, पण फलकावर मृत्यूची तारीख मी घालू देईना.

बहिणीची मुलगी लोसा मला कॉम्प्युटरवर शिकवत होती. "मावशी, कोपऱ्यापाशी दाबून धर नि तिरकं ओढ. अगं हळू, अळकुड्या सोलतेयस का?"

मी फोटोभोवती चौकट ओढली आणि त्याचा चेहराच नाहीसा झाला. सगळं काळं. मी ओरडले.

"गेला नाही गं तो! तुझा चौकोन आतून भरलेला आहे. नवा आकार वर बसतो, जुनं त्याच्याखाली तसंच असतं." तिने चौकोन मागे धाडला. लिसिआते हसत वर आला.

"समुद्राखालून असं कुणी वर येत नाही ना गं?" मी हळूच विचारलं.

लोसाने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मग फलकावर मृत्यूची तारीख म्हणून होडी सापडली तो दिवस मी स्वतः टाइप केला. संध्याकाळी जपमाळ हाती घेतली, तेव्हा देवाला रोजच्यासारखं 'त्याला परत दे' म्हणाले नाही. त्याच्या आत्म्याला शांती मागितली.