फाटकातली मेंढी

सासूबाईंनी अबोला धरला की त्या घरातलं दूध आपोआप नासायचं. त्या दिवशी तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा घाबरून टिकटिक न करता चालत होतं. कारणही तसंच होतं. सुनेने त्यांना खेळातून हाकललं होतं!

सून ऑनलाइन खेळाच्या एका कंपनीत नियम सांभाळायच्या कामाला. खेळ मेंढपाळांचा. हंगामाच्या शेवटी ज्याचा कळप मोठा, तो जिंकणार. पण खेळात एक बग, म्हणजे बनवण्यातली चूक, निघाला. मेंढी फाटकात असताना फाटक लावलं, की एकीच्या दोन व्हायच्या. मग काय, लोकांनी फाटकं अशी आपटली की मेंढ्यांच्या गर्दीत डोंगर दिसेनासा झाला आणि सर्व्हर धापा टाकू लागला. नियम साफ होता: बगचा फायदा घेणाऱ्याचं खातं हंगामभर बंद. सुनेने सकाळीच धडाधड खाती बंद केली. त्यातली 'रणरागिणी' म्हणजे आपल्याच सासूबाई, हे तिला घरी आल्यावर कळलं.

जेवताना सासूबाईंनी अखेर तोंड उघडलं. आधी म्हणाल्या, हात चुकला.

"आई, एवढा कळप हात चुकून?"

मग म्हणाल्या, मोडकं फाटक तुमचं, गुन्हा माझा कसा? सुनेने समजावलं, की दुकानाची कडी निघालेली दिसली म्हणून कुणी आतला माल उचलत नाही. आणि ज्यांनी एकेक मेंढी राखून कळप वाढवला, त्यांनी कुणाकडे बघायचं? सासूबाईंना ते पटलं, पण पटल्याचं दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"बरं, माझं सोड. तो वादळ अजून मेंढ्या कसा चारतोय?"

सुनेचा घास हातातच राहिला. 'वादळ' हा कंपनीचा लाडका खेळाडू. त्याचा खेळ बघायला इतकी माणसं जमायची, की तो शिंकला तर गावोगावचे पडदे हलायचे. फाटक त्यानेही आपटलं होतं, सगळ्यांदेखत. पण साहेबांनी सांगितलं, त्याला नुसती समज द्या; आणि सून मान डोलावून मोकळी झाली होती.

"सासूला सूट नाही, मग तो तुझा कोण लागतो?" सासूबाई म्हणाल्या. "मला हाकललंस त्याचा राग नाही. शिक्षा गिळता येते गं. पण तीच शिक्षा शेजारच्या पानात वाढलेली दिसली नाही, की घशाखाली उतरत नाही."

सुनेला त्या रुसव्यामागे, सकाळी ज्यांची खाती बंद केली ती सगळीच माणसं बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशी ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणाले, वादळ गेला तर निम्मी गर्दी त्याच्यामागे जाईल.

"मग सगळ्यांनाच आत घ्या," ती म्हणाली. "सुरुवात माझ्या सासूपासून करा, म्हणजे घरी चहा तरी मिळेल. पण अर्धा नियम माझ्या हातून चालणार नाही. तोच चालवायचा असेल तर दुसरं माणूस बघा."

साहेबांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग होकारार्थी मान हलवली.

वादळाचं खातं बंद झालं. ज्यांची मेंढी खरोखर चुकून एकदाच दुप्पट झाली, त्यांची फक्त जास्तीची मेंढी काढून घेतली आणि त्यांना परत आत घेतलं. वादळ दिवसभर घोंघावला, आणि मग सगळ्यांसमोर म्हणाला, "चुकलो." गर्दी कुठे गेली नाहीच; उलट वादळाला सूट मिळाली म्हणून रुसून गेलेले परतले. सर्व्हरने म्हणे त्या दिवशी समाधानाचा ढेकर दिला!

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः चहा केला, आणि कप पुढे करत गोड आवाजात विचारलं, "आता माझं खातं हळूच उघडशील?"

"नाही, आई."

सासूबाई खुदकन हसल्या. "शाबास. पुढच्या हंगामात त्या वादळाला खऱ्या मेंढ्यांनी हरवते."

तर वाचकहो, मोडकं फाटक दिसलं की आधी ते लावायला हाक मारा. आणि नियम चालवायची वेळ आपल्यावर आली, तर तो आपल्या लाडक्यालाही लावा. तरच परक्याला तो नियम वाटतो, नाहीतर ती दादागिरी होते. त्या घरातलं घड्याळ तेव्हापासून खुशाल टिकटिक करतंय.