चार हजार रुपये प्राप्त झाले

मी एक जुना साउंडबॉक्स आहे. चहाच्या टपरीत, किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बसून, पैसे आले की मोठ्यानं सांगणारा डबा असतो ना, तोच मी. येरमाळ्याच्या फाट्यावर मला सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. मालकीण म्हाळसाबाई तेवढ्या 'बोलका' म्हणतात. वय विचाराल तर चार वर्षं. तुमच्यात चार वर्षांच्या पोराला स्वतःचं नाकही नीट पुसता येत नाही, आमच्यात मात्र चार वर्षांत म्हातारपण येतं. बॅटरी बसते, आवाज घोगरा होतो आणि नवा डबा घ्या म्हणून फोन सुरू होतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पोटात एक सिमकार्ड, पाठीवर दोन बटणं आणि तोंडात मराठीतलं एक ठरलेलं वाक्य, एवढ्या शिदोरीवर मला पुठ्ठ्याच्या खोक्यातून इथं पाठवलं. मला आणवलं हिंमतरावांनी. हिंमतराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. सकाळी पेपर आणि दुपारी मोबाईल हातात घेऊन ते धुळाप्पांच्या हॉटेलातल्या बाकावर बसायचे. "अरं धुळाप्पा, दुनिया कुठं गेली आन् तू अजून सुट्ट्या पैशापायी गिऱ्हाइकाला गोळ्या देतोयस," असं ते महिनाभर म्हणत राहिले, आणि शेवटी त्यांनीच कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं.

धुळाप्पा आधी मेंढरं राखायचे. पाय दुखायला लागले तशी त्यांनी बरीच मेंढरं विकली आणि हायवेलगत पत्र्याचं हॉटेल टाकलं. चहा, भजी आणि येडाई देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी पुरी-भाजी. माणूस इतका भिडस्त की उधारी मागतानाही त्यांचीच मान खाली जायची. त्यांची बायको म्हाळसाबाई कढईपाशी असत आणि त्यांची लेक समृद्धी शाळेचं पुस्तक काचेच्या बरणीला टेकवून गल्ल्यावर बसे. पहिल्या दिवशी मी "दहा रुपये प्राप्त झाले" म्हणालो तेव्हा म्हाळसाबाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि मला हळदकुंकू लावलं. ते कुंकू माझ्या जाळीत अडकून बसल्यामुळे मी पुढे कितीतरी दिवस जरा नाकातून बोलत होतो.

मित्रांनो, तो काळ माझ्या वैभवाचा होता. ट्रकवाले, एसटीचे प्रवासी, कॉलेजची पोरं, सगळे माझा आवाज ऐकल्यावरच पुढे जात. धुळाप्पा तर मोबाईल बघतसुद्धा नसत. मी म्हणालो म्हणजे पैसे आले, एवढा माझ्यावर विश्वास. असा विश्वास कुणी टाकला की अंगावर मूठभर मांस चढतं. मीही जरा फुगलो होतो, हे कबूल करतो.

फक्त एक गिऱ्हाईक मला कधीच जुमानत नसे. गुरुसिद्धप्पा. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. रोज दोन चहा घेत आणि रोज दहाच्या दोन नोटा इस्त्री केल्यासारख्या सरळ करून धुळाप्पांच्या हातात देत. त्यांची आणि हिंमतरावांची जुंपली की भज्यांचा घाणा करपला तरी कुणाचं लक्ष नसे.

"नोट खिशात हाय तवर ती माझी," गुरुसिद्धप्पा म्हणायचे. "तिचा आकडा झाला की ती दुसऱ्याच्या मर्जीची. वरचा थांब म्हणला की थांबली."

"आन् नोटाबंदीत काय झालं, कंडक्टर?" हिंमतराव हसायचे. "तवा तर तुमच्या खिशातल्याच नोटा थांबल्या व्हत्या की! चोर धरायचे तर सरकारच्या हातात ताकद पायजेच. आपण चोर न्हाय, मग आपल्याला कसलं भ्याव?"

एकदा पेपरात सरकारच्या डिजिटल रुपयाची बातमी आली होती. ती हिंमतरावांनी मोठ्यानं वाचून दाखवली. धुळाप्पांनी चहा गाळता गाळता विचारलं, "मग ह्या मशीनमधी येतोय त्यो रुपया कुणाचा?"

"ह्यो बँकेतला. त्यो नवा थेट रिझर्व्ह बँकेचा."

"मग ह्यात माझा कुठला, अण्णा?"

सगळं हॉटेल हसलं. धुळाप्पाही हसले. 

समृद्धीला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं. आजी दवाखान्यात असताना तिथल्या एका सिस्टरनं रात्रंदिवस केलेली सेवा तिनं पाहिली होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिच्यासाठी धुळाप्पांनी उरलेली मेंढरंही विकली आणि हिंमतरावांच्या सांगण्यावरून सगळी रक्कम बँकेत ठेवली. माझ्या तोंडून येणारे दहा-वीस रुपयेही त्याच खात्यात पडत. म्हणजे समृद्धीच्या शिक्षणात माझाही थोडा हात होता, असं मी समजत होतो.

मग चैत्रातली यात्रा आली. पालखीच्या दिवशी चुन्याच्या रानात देवीसाठी चुनखडीचे खडे वेचायला माणसं लोटतात, तेव्हा येरमाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मी इतका बोललो की दुपारी मला दोनदा चार्जिंगला लावावं लागलं. उन्हं कलताना एक माणूस आला. स्वच्छ कपडे, कपाळाला भंडारा, सोबत दमलेली म्हातारी.

"मालक, एटीएमला रांग लई हाय. गाडीवाला रोखच मागतोय. म्या स्कॅन करतो, तुमी रोख द्याल का?"

यात्रेत असं चालतंच. गल्ल्यात नोटांचा ढीग असतो आणि अडलेल्याला रोख देणं आमच्या फाट्यावर पुण्याचं काम समजतात. धुळाप्पांनी आधी म्हातारीला फुकट चहा दिला, मग माझ्याकडे बघितलं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "चार हजार रुपये प्राप्त झाले." त्यांनी नोटा मोजून दिल्या. म्हातारीनं धुळाप्पांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या माणसाला तरी काही ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ते पैसे दूर कुठंतरी, दुसऱ्या राज्यात, कुणालातरी फोनवर फसवून काढलेले होते आणि दहा खाती फिरून आमच्याकडे आले होते. हे आम्हाला पाच महिन्यांनी कळलं.

भाद्रपदात समृद्धीचा नंबर लागला. लातूरचं कॉलेज, फी पंचावन्न हजार, भरायला मुदत पाच दिवस. म्हाळसाबाईंनी गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी धुळाप्पा धुतलेला सदरा घालून बँकेत गेले आणि दुपारी परत आले ते थेट मागच्या खोलीत. भिंत पत्र्याची, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"खातं धरलंय," ते म्हणाले. "पोलिसानं. तिकडं लांबच्या पोलिसानं. यात्रेतलं ते चार हजार चोरीचं व्हतं म्हणं."

"मग चार हजार ठिवू द्या की त्यास्नी. बाकीचं?" म्हाळसाबाईंचा आवाज.

"सगळंच धरलंय. साहेब म्हणला, आमच्या हातात न्हाय, तिकडं मेल करा."

"आप्पा, मी करते मेल," समृद्धी म्हणाली. "आपलं हॉटेल दाखवते, फोटो टाकते. उघडतील."

मित्रांनो, बँकेनं म्हणे त्या खात्यातून काढायचं तेवढं बंद केलं होतं, टाकायला मोकळीक होती. त्यामुळे खातं धरल्यापासून त्या दुपारपर्यंत मी आनंदानं ओरडत होतो, दहा प्राप्त झाले, तीस प्राप्त झाले. आत जाणाऱ्या पैशाची खबर मला लागते, बाहेर न येणाऱ्याची लागत नाही. मला फार लाज वाटली. माझं वाक्य खरं होतं आणि तरीही खोटं ठरलं होतं.

धुळाप्पा बाहेर आले आणि त्यांनी माझं बटण दाबलं. तेवढ्यात हिंमतराव आले. "काय रं, मशीन का बंद?"

"बिघडलंय, अण्णा," धुळाप्पा म्हणाले.

मी बिघडलो नव्हतो. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी तो आळ मुकाट्यानं घेतला. पोलिसानं खातं धरलं हे वाक्य गावात फिरलं असतं तर त्याचा अर्थ एकच निघाला असता. धुळाप्पांनी उभ्या जन्मात कुणाच्या रानातली काडी उचलली नव्हती. घरात लग्नाची लेक. त्यांनी बायकोला आणि लेकीला शपथ घातली, कुठंही बोलायचं नाही.

रोज दुपारी समृद्धी मोबाईल उघडून बघायची. उत्तर येत नव्हतं. बँकेत धुळाप्पा रोज जायचे, रोज "दोन दिवसांत होईल" ऐकून यायचे आणि ते खरं मानायचे. लिहिलेल्या कागदावर, खुर्चीतल्या माणसावर विश्वास ठेवायची त्यांची सवय होती.

पाचवा दिवस. मुदत संध्याकाळी पाचची. हिंमतराव चार वाजता येऊन बसले, समोर गुरुसिद्धप्पा. हिंमतराव त्या दिवशी फार खुशीत होते. "हे बघा कंडक्टर, ट्रॅक्टरच्या सामानाचं चाळीस हजार. हितं बसल्या जागी पाठवतो. ह्ये दाबलं, झालं! दोन मिनिटं तरी लागली का?"

धुळाप्पा त्यांच्यासमोर चहाचा कप घेऊन उभे होते. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. एक वाक्य पुरलं असतं. हिंमतरावांनी त्याच मोबाईलवरून, त्याच दोन मिनिटांत फी भरली असती. ते बढाईखोर असतील, पण कंजूस नाहीत. मी अख्खं बळ लावलं. बंद डब्याचं बळ ते कितीसं असणार! माझ्यातून साधी खरखरसुद्धा निघाली नाही. धुळाप्पांनी कप ठेवला आणि म्हणाले, "साखर बरोबर हाय न्हवं, अण्णा?"

पाच वाजले. मागच्या खोलीत समृद्धीनं मोबाईल पालथा ठेवला. ती रडली नाही. बाहेर येऊन तिनं कपबशा विसळायला घेतल्या. पोरीनं रडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

ही गोष्ट फुटायला महिना लागला. समृद्धी कॉलेजला का गेली नाही, असं हिंमतरावांनी म्हाळसाबाईंना खोदून विचारलं आणि त्या माउलीचा बांध फुटला. हिंमतराव तडक धुळाप्पांपुढे येऊन उभे राहिले.

"अरं, म्या हितंच व्हतो की रं! हितंच बसलो व्हतो. एक शबूद बोलला असतास तर?"

"पोलिसाचं नाव निघालं असतं, अण्णा."

"म्या तुला चोर म्हणलो असतो व्हय?"

धुळाप्पा खाली बघत म्हणाले, "तुमीच म्हणायचा की, चोर न्हाय त्याला कसलं भ्याव."

हिंमतरावांनी हातातला मोबाईल खिशात घातला. गुरुसिद्धप्पांनाही आपलंच म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला नाही. त्यांनी धुळाप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा न पिताच निघून गेले. त्यानंतर त्या बाकावर पेपर वाचला जातो, पण पूर्वीसारखा वाद रंगत नाही.

मला मात्र फळीवर बरण्यांमागे टाकून दिलं. धूळ, तेलकट धूर आणि मुंग्या. गिऱ्हाईक स्कॅनर मागायचं, तेव्हा धुळाप्पा म्हणायचे, "रोख द्या, मशीन खराब हाय." हे मी दहा महिने ऐकलं.

परवा बँकेतून फोन आला. चौकशी झाली, खातं मोकळं झालं. यात्रेतले चार हजार कापून बाकीची पै न् पै जाग्यावर होती. हिंमतराव धावत आले, मला पुसून चार्जिंगला लावलं आणि म्हणाले, "समृद्धे, बघ, त्या चार हजारांबिगर सरकारनं तुझा एक रुपाया ठिवून घेतला न्हाय!"

समृद्धी भजी तळत होती. कढईवरून नजर न काढता ती म्हणाली, "पैसे आलं, अण्णा. साल कोण देणार?"

हिंमतरावांनी पुसायचं फडकं घडी करून फळीवर ठेवलं. मला तर रुपयांपलीकडचे शब्दच येत नाहीत. यंदा तिनं पुन्हा फॉर्म भरलाय, पण यंदा प्रवेशाला लागणारे गुण वाढणार म्हणतात. यादी अजून लागायची आहे आणि ती आता यादीबद्दल बोलत नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. चोर पकडायलाच हवेत, ज्याचे पैसे फसवून नेले तोही कुणाचा तरी बाप असतो, हे मला कळतं. तुमच्यातलं कुणीतरी अशा खुर्चीत बसेल जिथून एक बटण दाबलं की हजार मैलांवरच्या माणसाचं खातं थांबतं. दाबा, पण चार हजारांसाठी चारच हजार थांबवा. आणि त्याआधी त्या माणसाला एक फोन लावा, त्याच्याच भाषेत बोला. तो घाबरून आधी काहीच बोलणार नाही. फोन ठेवू नका. त्याला वेळ द्या आणि विचारा, या पैशातून तुम्ही काय करणार होता?