नाकावरचा पंख

आमच्या मंडळात मला सगळे ‘कात्री’ म्हणतात. शिवणकामामुळे की जिभेमुळे, हे मी कधी विचारलेलं नाही. मंडळ म्हणजे चार टाळकी: मी, माझा थोरला भाऊ, भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि चष्मेवाला. दर रविवारी सकाळी चष्मेवाल्याच्या बंद दुकानात जमायचं आणि जुन्या, जगाने विसरलेल्या विमानांच्या सावल्या ओळखायच्या. यातून तुम्हाला मिळतं काय, असं माझी शेजारीण विचारते. ती रोज दुपारी पत्ते कुटते, त्यातून तिला जे मिळतं तेच.

सावल्या मी कापते, कारण चौघांत न थरथरणारा हात माझाच. शनिवारी संध्याकाळी पुस्तकातलं एखादं अडनिडं विमान निवडायचं, काळ्या पुठ्ठ्यावर त्याची बाह्यरेषा काढायची आणि कापायचं. दुकानात दिव्याची एक पेटी आहे. तिच्यावरची अक्षरं गिऱ्हाइकं एक डोळा झाकून वाचतात. रविवारी आम्ही तो अक्षरांचा तक्ता काढतो आणि पांढऱ्या उजेडावर सावली चिकटवतो. मी तीन आकडे मोजते आणि दिवा बंद करते. मग तिघांनी चिठ्ठीवर विमानाचं नाव लिहायचं.

नियम एकच, आणि तो दादाचा. ओळखलं नाही तर ‘ढग’ लिहायचं, पण ठोकून द्यायचं नाही. युद्धाच्या दिवसांत गच्चीवर उभी राहून विमानं ओळखणारी माणसं असत. त्यांनी अंदाजपंचे नाव सांगितलं तर आपलीच तोफ आपल्याच विमानावर चालायची. “ढग म्हणायला लाज कसली,” दादा म्हणतो, “लाज ठोकून देण्याची वाटली पाहिजे.” मास्तर महिन्यातून दोनदा ढग लिहितात. चष्मेवाला तर ढगातच राहतो. दादाने एकवीस वर्षांत एकदाही ढग लिहिला नव्हता.

दादा क्रेन चालवतो. सध्या नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावर आहे. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात राहतो. इतकी वर्षं घरातली इकडची काडी तिकडे न करणारा हा माणूस वर्षभरापूर्वी अचानक सुधारला. शनिवारी माझं कापून झालं की कात्रणांची टोपली तो स्वतःहून आवरायला घ्यायचा. मी शेजारणीला कौतुकाने सांगायचे. माझी अक्कल तेवढीच.

त्या रविवारी मी ‘ॲसेंडर’ कापून नेलं होतं. या विमानाची जेमतेम तीन बनली. मोठे पंख पार मागे, आणि शेपटीला असायचा तो छोटा आडवा पंख नाकावर. ओळखायची खूण तीच. मी सावली चिकटवली, घड्याळाकडे बघत तीन मोजले, दिवा बंद केला आणि चिठ्ठ्या उघडल्या. मास्तरांनी ‘स्वॅलो’ लिहिलं होतं. चष्मेवाल्याने नेहमीप्रमाणे ढग. दादाने ‘ॲसेंडर’.

“दादा बरोबर,” मी म्हणाले.

“कसं शक्य आहे?” मास्तरांना हरणं जमत नाही. “बिनशेपटीचं, मागे कललेले पंख. स्वॅलोच ते.”

“अहो मास्तर, नाकावरचा तो छोटा पंख नाही का बघितला?” दादा म्हणाला. “इतका लख्ख दिसत होता.”

मास्तरांनी उठून दिवा लावला. नाकावर पंख नव्हता. सरळ, टोकदार, रिकामं नाक होतं. मी पिशवी चाचपली, तर तळाशी मापाच्या फितीखाली तो बोटभर तुकडा सापडला. घरून येताना तुटला होता, आणि चिकटवण्याच्या घाईत माझं लक्ष गेलं नव्हतं.

मास्तर मनापासून हसले. “पंख तुटला तरी ओळखलं! धन्य आहे बाबा तुझी.”

चष्मेवाल्याने दादाच्या पाठीवर थाप मारली. “म्हणून तर कामावर द्यायचा याचा डोळ्यांचा दाखला मी परवा न तपासताच सही करून दिला. याला काय मी ‘खालून दुसरी ओळ वाच’ म्हणू? मलाच ओशाळल्यासारखं झालं असतं.”

दादा हसला नाही. तो टेबलावर पेनाचं टोपण चाचपत होता. टोपण त्याच्या अगदी समोर होतं.

घरी येईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही, आणि मी गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे दादाला कळतं. तो सरळ आपल्या खोलीत गेला. मी दाराशी बांधून ठेवलेली कचऱ्याची पिशवी सोडली. वरच ॲसेंडरचं कात्रण होतं, म्हणजे विमान काढून घेतल्यावर उरलेला पुठ्ठा, मधे विमानाच्या आकाराचं भोक. भोकाला नाकावरचा पंख शाबूत होता. नुकत्याच कापलेल्या पुठ्ठ्याची कड करकरीत असते. तीस वर्षं कात्री चालवतेय, मला ती डोळे मिटून कळते. ही कड मऊ पडली होती. तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरलं होतं.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. चिठ्ठीवरचं त्याचं अक्षर हल्ली बोराएवढं झालं होतं आणि ओळ सोडून चाललं होतं. चहा ओतताना तो कपात बोट धरायचा. वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवून “तूच वाच, तुझा आवाज बरा आहे,” म्हणायचा. माझा आवाज आजवर कुणाला बरा वाटलेला नाही, तेव्हाच संशय यायला हवा होता. मला आधी त्याचा राग आला, मग माझीच मला लाज वाटली, आणि मग नुसती भीती वाटली. उद्या सोमवारी पुलाचे लोखंडी गर्डर उचलायचे होते. एकेक गर्डर वीस टनांचा, आणि खाली चौदा माणसं. त्यांतला क्रेनला खुणा करणारा तर मला चांगला माहीत होता. त्याच्या मुलीच्या लग्नाचे कपडे मीच शिवले होते.

मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि नखं कापायच्या कात्रीने एक सावली कापली. कात्रण पदराखाली घातलं. कापलं ते ‘लाइटनिंग’. दोन समांतर धडं, मागे एकच आडवी शेपटी, मधे चौकोनी भोक. आमच्यात ते आणायला बंदी आहे, इतकं ते सोपं आहे.

दुपारचं ऊन समोरच्या खिडकीत आलं होतं. मी सावली काचेवर चिकटवली आणि दादाला हाक मारली.

“ही एक बघ.”

“आज आणखी? सकाळीच तर झाली.”

“बघ म्हणतेय ना.”

मी मोजायला लागले. तीनवर थांबले नाही. दहापर्यंत मोजलं. दादाने मान जरा तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. त्याच्या हातातला टॉवेल तो पिळत होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“वर्ष झालं असेल. मधोमध काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं.”

“आणि क्रेन?”

“हात सवयीचे आहेत गं. खालचा खुणा करणारा वायरलेसवर सांगतही असतो, डावीकडे घे, सोड, थांब. तेवढं पुरतं. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत फक्त. क्रेन सुटली की मला दुसरं येतंय काय?”

“आणि एखाद्या दिवशी तो सांगायला चुकला तर?”

तो टॉवेलची घडी घालायला लागला.

“मंडळात तू काय वाटेल ते कर,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवता येत नव्हता. “माझी कात्रणं चाचप, मास्तरांना हरव. पण तिथे खाली माणसं असतात, दादा. नियम कुणाचा आहे? ठोकून द्यायचं नाही, हा नियम कुणाचा आहे?”

खिडकीखालून एक सायकल घंटी वाजवत गेली. दादा काचेकडे तोंड करून उभा होता. त्याने पुन्हा एकदा प्रयत्न केला, हे मला दिसलं, आणि ते बघवलं नाही.

“ढग,” तो म्हणाला.

हेच त्याच्या तोंडून यावं म्हणून मी सगळं केलं होतं. आलं तेव्हा मला रडू फुटलं. तो टॉवेल त्याने माझ्या हातात दिला आणि साहेबांना फोन लावून दे म्हणाला. मी लावून दिला. “साहेब, उद्या क्रेनवर दुसरा माणूस बसवा,” तो म्हणाला. “नाही, तब्येत ठीक आहे. मला खालचं दिसत नाही. बरेच दिवस दिसत नाहीये. दाखला खरा नाही, आणि त्यात चष्मेवाल्याची चूक नाही, मीच गप्प बसलो.” पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. तो “हो” आणि “बरोबर आहे” एवढंच म्हणत राहिला.

फोन ठेवून तो खिडकीशी आला. काचेवर हात फिरवत त्याने सावली शोधली, सोडवली आणि तळहातावर घेतली. त्याचं बोट एका धडावरून मागे गेलं, शेपटीवरून वळलं, दुसऱ्या धडावरून पुढे आलं आणि मधल्या भोकात थांबलं. त्याला तीन आकडेही लागले नाहीत.

“लाइटनिंग,” तो म्हणाला. “तू सात वर्षांची होतीस. तुला पहिलं हेच शिकवलं होतं मी.”