रडणारी वीट

सकाळी सकाळी जुन्या वेशीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. वेशीच्या कमानीत एका म्हातारीचा दगडी चेहरा कोरलेला आहे. सगळे तिला दगडी आजी म्हणतात. त्या आजीच्या गालांवरून थेंब ओघळत होते आणि लोक तोंडात बोटं घालून बघत होते.

"वर पाऊस नाही, आत नळ नाही. मग पाणी आलं कुठून?" काही दिवसांपासून वेशीत ठाण मांडून बसलेल्या एका बुवांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "चाखा. खारट लागतंय ना? नळाचं पाणी खारट असतं का? हे खरे अश्रू आहेत."

लोकांनी चाखलं. खारट होतं. झालं, सगळ्यांची खात्री पटली.

मी प्रादेशिक वारसा कार्यालयात नोकरीला आहे. या भागातल्या जुन्या वास्तू सांभाळायचं काम आमचं, त्यामुळे ही वेसही आमच्याच ताब्यात. आणि गर्दीत सर्वांत पुढे माझी सख्खी मावशी. तिचं शिवणकामाचं दुकान वेशीच्या समोरच आहे.

"तुमच्या कार्यालयाला जमलं नाही ते बुवांनी केलं," ती मला म्हणाली. "आजीला जिवंत केलं."

"आणि लगेच रडवलं," मी म्हणालो. मावशीने माझ्याकडे पाठ फिरवली.

बुवांचा क्रम ठरलेला होता. सकाळच्या दमट हवेत आजीचे अश्रू. ऊन चढलं की गालांवर पांढरी भुकटी. बुवा ती खरवडून पुड्यांत भरत. सांधेदुखीपासून परीक्षेपर्यंत सगळ्यावर तेच एक औषध. मग भर उन्हात घागरीतल्या 'पवित्र' पाण्याने आजीची आंघोळ, म्हणजे संध्याकाळपर्यंत चेहरा खडखडीत कोरडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडारड.

आमच्या साहेबांना कुंपण घालून मोकळं व्हायचं होतं. माझ्यासोबत आलेल्या दगडतज्ज्ञ बाईंनी त्यांना फोनवरच थोपवलं. "कुंपण घातलं तर लोक म्हणतील, कार्यालयाने चमत्कार कोंडला. बुवा पुढच्या गावच्या वेशीवर जातील." मग त्यांनी मला आजीची डावी पापणी दाखवली. तिची कड गळून गेली होती, उजवीही सुटत आली होती. शाळा सुटल्यावर मावशीच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी हाच चेहरा बघत असे.

बाई बुवांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुमचं पाणी थोडं विटेला लावू का? पवित्र पाण्याने विटेचं काय बिघडणार?"

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बुवांनी घागर पुढे केली.

बाईंनी मावशीच्या दुकानापुढे तीन कोऱ्या विटा मांडल्या. एकीला कुंचल्याने नळाचं पाणी लावलं. दुसरीला बुवांचं. तिसरीला मावशीच्याच स्वयंपाकघरातलं मीठ विरघळवलेलं पाणी. राखणीला खुद्द मावशी, म्हणजे हातचलाखीचा संशयच नको.

दिवसभराच्या उन्हात विटा सुकल्या. दुसरीवर आणि तिसरीवर पांढरी भुकटी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दोघींवर थेंब जमले होते. पहिली आपली कोरडी.

मावशी वाकून बघत राहिली. "विटेला कसलं आलंय दुःख?"

"वीटसुद्धा पावन झाली," बुवा घाईघाईने म्हणाले. काहींनी माना डोलावल्या.

"आणि ही तिसरी?" मावशीने विचारलं. "हिला तर माझ्या डब्यातलं मीठ लावलंय. मी काय संत आहे?"

गर्दीत हशा पिकला. बुवांनी घागर उचलली आणि काढता पाय घेतला.

बाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. बुवांच्या घागरीत मिठाचंच पाणी होतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, तेच अश्रू. पाणी उडालं की मीठ मागे उरतं, तीच भुकटी. "पण दगडाच्या आत पाणी सुकताना मिठाचे खडे वाढतात आणि वरचा पापुद्रा उडवतात. शिवाय बुवा रोज खरवडत होते. त्या पुड्यांत मिठाबरोबर आजीची पापणीही गेली."

मावशीने कनवटीची पुडी काढली, उघडून बघितली आणि खाली बसली. "मी रोज चिमूटभर खात होते रे," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. हे पाणीही खारटच असणार, पण चाखून बघायची गरज नव्हती.

आम्ही आजीच्या चेहऱ्यावर ओल्या कागदाच्या लगद्याचे थर लावले. लगदा सुकताना दगडातलं मीठ स्वतःत ओढून घेतो. किती तरी वेळा लावला, तेव्हा कुठे उजवी पापणी वाचली. डावी गेली ती गेलीच. आमच्या कार्यालयाला जुनं सांभाळता येतं, गेलेलं परत आणता येत नाही.

त्या तीन विटा मावशीने दुकानाच्या दारात ठेवल्या आहेत. कुणी नवीन चमत्काराची बातमी घेऊन आलं की ती मशीन थांबवते आणि विटांकडे बोट दाखवते. तुम्हीही तेवढंच करा. हात जरूर जोडा, पण त्याआधी एक वीट मागा.