मधे एक रेघ राहिली

धाकटीचं खरं नाव ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं, आणि याला जबाबदार तिचा दादाच होता. भाऊ-बहीण एकाच कंपनीत, एकाच कामावर, शेजारशेजारच्या टेबलांवर. तो दिवसभर ‘धाकटे, हे बघ’, ‘धाकटे, ते बघ’ करायचा, मग साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचीच ती धाकटी झाली. आठ महिन्यांपूर्वी दादा ऑफिसच्या जिन्यात छातीत कळ येऊन खाली बसला, तो उठलाच नाही. शेजारचं टेबल रिकामं झालं, नाव मात्र तिला चिकटून राहिलं.

कंपनी लहान आणि गिऱ्हाइकंही लहान. दवाखाने, शिकवण्या, छापखाने, अशांच्या वेबसाइट सांभाळायच्या. त्यात नाजूक काम कुलपाचं. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी ते बारीक कुलूप दिसतं ना, त्याला सर्टिफिकेट लागतं, आणि देणारा आधी विचारतो, हे नाव तुमचंच कशावरून? तो त्रेचाळीस अक्षरांची एक बिनअर्थाची ओळ हातात देतो आणि म्हणतो, ही तुमच्या नावाच्या डीएनएसमध्ये लिहून दाखवा. डीएनएस म्हणजे नावांची नोंदवही. ती वाचायला साऱ्या जगाला उघडी, पण लिहिता येतं फक्त मालकाला. ओळ दिसली की पुरावा पटला. मालक भला की बुरा, जिता की मेलेला, याची कोणी चौकशी करत नाही.

आता हे सगळं यंत्रं आपापसांत उरकतात. सुरुवातीची चार वर्षं मात्र धाकटी गिऱ्हाइकाकडे जाऊन बसायची आणि दादा घरच्या फोनवरून तिला ओळ सांगायचा. इंग्रजीतलं मोठं अक्षर ते थोरलं आणि लहान ते धाकटं, ही त्याचीच भाषा. ‘थोरला के, धाकटा एम, सात, धाकटा क्यू.’ आई भाजी निवडता निवडता ऐकायची आणि विचारायची, एवढ्या थोरल्या-धाकट्यांची लग्नं कोण लावणार आहे?

दादाची एक खोड होती. ओळीत कुठे आडवी रेघ असली की ती तो हमखास गाळायचा. धाकटी मोजायची, अक्षरं बेचाळीसच भरायची, मग पलीकडून खाकरल्याचा आवाज यायचा, ‘अगं, मधे एक रेघ राहिली.’ रेघ असलेली ओळ त्याने एका दमात पुरी केली, असं कधी म्हणून झालं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आई म्हणायची आणि तिघंही हसायची. तेव्हा हसायला काही वाटत नव्हतं.

दादाने घराच्या आडनावाचं एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नावही घेऊन ठेवलं होतं. त्यावर आईचे जुने फोटो होते, आणि आई दुपारी ते पान उघडून बसायची. त्या डोमेनच्या नोंदवहीत दादाने एक ओळ घातली होती, की पुराव्याचं काय असेल ते माझ्या मशीनला विचारा. मशीन म्हणजे त्याच्या टेबलाखालचा काळा खोका. तो गेल्यावर धाकटीने खोका बंद केला, वायर गुंडाळली आणि घरी आणून कपाटात ठेवला. साहेबांनी बजावलं होतं, ‘ती ओळही पुसून टाक. मशीन नाही तर ओळ कशाला?’ ती ‘करते’ म्हणाली आणि केलं नाही. काहीही विचारायचं असेल तर दादाला विचारा, असं सांगणारी जगातली ती शेवटची जागा होती. ती पुसायला तिचा हात धजावत नव्हता, एवढंच.

मग एका सोमवारी दुपारी मेल आला. कुठल्या नावाला कधी सर्टिफिकेट मिळालं त्याची एक जाहीर यादी असते, आणि आपल्या नावावर काही घडलं तर कळवा, असं तिने सांगून ठेवलं होतं. घराच्या डोमेनखाली एका नव्या नावाला सर्टिफिकेट मिळालं होतं. नाव होतं ‘फाटक’.

संध्याकाळी घरी गेली तर आई म्हणाली, ‘जाताना कडी लावलीस ते बरं केलंस. दादा गेल्यापासून फाटक उघडंच असतं.’

धाकटीने कडी लावली नव्हती. पण दिवसभरात सतरा माणसं येतात-जातात, कोणी तरी लावली असेल, असं म्हणून तिने विषय सोडला.

पुढच्या सोमवारी यादीत ‘जिना’ आला. त्या दिवशी आईने सांगितलं, की दुपारी जिन्यावर दोनदा पावलं वाजली. ‘मी उठून बघितलं नाही,’ ती म्हणाली, ‘पण घरात पावलं वाजली की बरं वाटतं गं.’ त्याच्या पुढच्या सोमवारी ‘स्वयंपाकघर’, आणि मोरीत चहाचे दोन कप. आई दुपारी एकटीच असते. दुसरा कप कोणाचा, हे विचारायचा धाकटीला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नोंदवहीला स्वतः प्रश्न विचारून बघितला. स्वयंपाकघराच्या नावाचा पुरावा कोण देतंय? उत्तर लगेच आलं, दादाच्या मशीनकडून. घरी येऊन तिने कपाट उघडलं. खोका जागच्या जागी होता, थंडगार, वर बोटभर धूळ. वायर तिने गुंडाळली होती तशीच होती.

सकाळी तिने साहेबांना सगळं सांगितलं. साहेब चष्मा पुसत ऐकत होते. ‘त्याच्या मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता आता दुसऱ्या कोणाला मिळाला असेल,’ ते म्हणाले. ‘आठ महिने रिकामी जागा कोण ठेवतं? तिथे बसलेला माणूस आता तुझ्या भावाच्या नावाने उत्तरं देतोय.’

‘आणि ती नावं? फाटक, जिना?’

साहेबांनी चष्मा चढवला. ‘ते मला माहीत नाही. पण ज्याला तुमच्या घराच्या नावाने कुलूप मिळतं तो उद्या तुमचं घर म्हणून आईपुढे उभा राहील, आणि आई त्याला आत घेईल. ओळ पूस, धाकटे. आज.’

तिने पुसली. ओळ निवडली, पुसू का म्हणून विचारणा झाली, हो म्हटलं, संपलं. जुन्या नोंदी विरायला तासभर लागतो. तो तासभर ती दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत रडली, आणि कोणाला लाजलीही नाही. मग परत प्रश्न विचारला. या वेळी उत्तर आलं नाही. आता घराच्या नावाचा पुरावा लावायचा झाला तर तो एकट्या धाकटीच्याच हातून लागणार होता. दुपारी चारलाच ती घरी निघाली.

आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर कॅलेंडरचं फाडलेलं पान, पाठकोऱ्या बाजूने गच्च लिहिलेलं.

‘दादाचा फोन आला होता,’ आई म्हणाली. काल भाजीवाला आला होता, हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात. ‘घाईत होता. धाकटीला हे लावायला सांग म्हणाला. तुझ्या खोलीचं आहे.’

धाकटीने पान ओढून घेतलं. आईला इंग्रजी अक्षरं धड लिहिता येत नाहीत. तिने आपल्या वळणदार अक्षरात ऐकलं तसं उतरवलं होतं. थोरला के, धाकटा टी, चार, थोरला झेड.

ही भाषा जगात तिघांनाच येत होती. त्यातला एक गेला होता आणि दोघी इथे बसल्या होत्या.

‘आवाज त्याचाच होता?’

‘माझ्या पोराचा आवाज मला कळत नाही का?’

साहेबांचं बोलणं तिच्या कानात होतं. आज सकाळी ऐकलेलं, पटलेलं. ही ओळ लावायची नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. पण आठ महिने तिला कोणी ‘धाकटे, हे बघ’ म्हटलं नव्हतं. आपणच पुसून त्याला बाहेर काढलं आणि तो बिचारा आता आईकडून निरोप पाठवतोय, हा विचार तिला सोसवेना.

तिने लॅपटॉप उघडला. आई वाचत गेली, ती लिहीत गेली. ‘धाकटा बी, नऊ, आडवी रेघ, थोरला डब्ल्यू.’ दोघींच्या नकळत तीच जुनी लय आली. शेवटचं अक्षर झाल्यावर धाकटीने मोजलं. त्रेचाळीस. बरोबर त्रेचाळीस. तिला इतका आनंद झाला की तिने बटण दाबूनच टाकलं. मिनिटभरात मेल आला, की तिच्या खोलीच्या नावाला सर्टिफिकेट मिळालं.

मग तिची नजर पुन्हा त्या पानावर गेली. नऊच्या पुढे आडवी रेघ होती, आपल्या जागी, ओळीतच. मागाहून घुसवलेली नव्हती.

‘आई,’ ती म्हणाली, ‘शेवटी काही म्हणाला का गं तो? काही राहिलं वगैरे?’

‘छे. एका दमात सांगितलं सगळं. मला पण नवल वाटलं.’ आई हसली. ‘म्हटलं, खोड गेली बाई याची एकदाची.’

धाकटीने लगेच ओळ पुसली. पण दिलेलं सर्टिफिकेट ओळ पुसून परत येत नाही, ते नव्वद दिवस चालतं. हे तिला दादानेच शिकवलं होतं.

वर तिच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठली आणि तिने फळीवरून तीन कप काढले.