कोरडा काठ

"पाय वाजवू नकोस गं पोरी, त्यांची पिल्लं आत्ताच निजलीत."

बावीस वर्षं झाली, पण मामाचा तो आवाज अजून माझ्या कानात ओला आहे. मी नवी नवरी, लव्हाळं कापायला पहिल्यांदाच पाणथळीत उतरले होते. मामा म्हणजे गावचा मासेमार. नात्यानं कुणाचाच मामा नव्हता, हाकेनं सगळ्यांचा होता. त्यानं बांबू रोवून होडी थोपवली, पडदा सारावा तसं लव्हाळं हातानं बाजूला केलं आणि मला ते घर दाखवलं. काठाच्या मुळ्यांखाली पाणमांजरं. दोन मोठी, तीन लहान. पाठी अशा चकचकीत, जणू पाण्यानंच त्यांना तेल चोळून बसवलंय. एक पिल्लू आईच्या पोटावर डोकं टाकून झोपलं होतं, आणि झोपेतही त्याच्या मिशा हलत होत्या.

"आपल्या दोघांतच ठेव," मामा म्हणाला. "माझ्याशिवाय हे घर बघितलेली तूच पहिली."

आता यादीवाल्या साहेबाचं सांगते.

तो आला तो दोन गाड्या भरून. शाळेची एक खोली त्याला रिकामी करून दिली. बाकं भिंतीला लागली आणि फळ्यावर त्यानं रकाने आखले. चार पायांचे, पंखांचे, सरपटणारे, पाण्यातले. आमच्या भागात जेवढे म्हणून जीव नांदतात तेवढ्यांची यादी करायची, आणि तीही बारा दिवसांत. ज्यानं हे जीव घडवले त्यालासुद्धा एवढी घाई नव्हती.

साहेबाकडे चिमटे होते, काचेच्या बरण्या होत्या आणि इवल्या इवल्या पिशव्या होत्या. पिशव्या कशाला, तर विष्ठा गोळा करायला. रोज सकाळी साहेब चिमट्यानं एक लेंडी उचलायचा, उन्हाकडे धरून फिरवायचा, पिशवीत घालायचा आणि वर चिठ्ठी चिकटवायचा. आमच्यात शेण उचलणाऱ्या बाईकडे कुणी मान वळवून बघत नाही. याला मात्र लेंड्या उचलायला पगार, गाडी, आणि डोक्यावर छत्री धरायला शिपाई.

पण आम्हाला तरी हसायला तोंड कुठं होतं? त्याला त्या लेंड्यांपाशी नेलं कुणी? आम्हीच.

आमच्या गावाची एक रीत आहे. मोजायला, विचारायला, लिहायला कुणीही आलं की त्याला कोरडा काठ दाखवायचा. पाणथळीचा एक काठ हिरवा, लव्हाळ्यानं गच्च. दुसरा मुरमाड, तिथं सरड्यालासुद्धा सावली मिळायची नाही. पाहुण्याला मानानं त्या मुरमाड काठावर न्यायचं, पाणी पाजायचं, "काही नाही हो इथं" म्हणायचं आणि आल्या वाटेनं लावून द्यायचं. सासऱ्यांच्या वडलांपासून हेच चाललंय. कागदावर गाव कोरडं राहिलं म्हणजे गावाचं कुणी काही नेत नाही, असा आमचा हिशेब. आणि या हुशारीवर मिशांना पीळ किती! जणू अख्ख्या जगाला आम्हीच टोपी घातली.

साहेबाला घेऊन पुढारी स्वतः गेला. गावात शहाणपणाचा मक्ता त्याच्याकडे आहे.

"या साहेब, ही आमची पाणथळ."

"पाणी तर दिसत नाही."

"पाणी पलीकडं. पण तिकडं नुसता चिखल हो. बूट खराब व्हायचे तुमचे."

साहेबानं बुटांकडे पाहिलं. बूट नवे होते. पाणथळीतल्या सगळ्या जीवांचा निकाल तिथंच लागला.

मग त्या काठावरच्या दोन खुरट्या झाडांना कॅमेरे बांधले. काही हललं की आपोआप फोटो निघणार. चार दिवसांनी ते काढून शाळेत बघितले, अर्धं गाव खिडकीला लोंबकळलेलं. फोटोत न्हाव्याची शेळी सत्तावीस वेळा, लंगडं कुत्रं नऊ वेळा, आणि कपडे सावरत झुडपाआड बसलेला पुढारी एकदा, पाठमोरा.

"हा खोडून टाका," पुढारी गुरकावला.

साहेबाच्या हाताखाली एक तरुण बाई होती, सदा डोक्यावर टोपी. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "खोडता येत नाही काका. सस्तन प्राण्यात धरलंय तुम्हाला."

त्या दिवसापासून ती टोपीवाली मला आवडायला लागली.

दहाव्या दिवशी ती आमच्या ओट्यावर येऊन टेकली. मी आणि सासूबाई चटई विणत होतो. सासूबाई विणताना गुणगुणतात, त्यांच्या सासूनं दिलेलं आहे ते: विणणारीचं बोट फाटं, बसणाऱ्याला गार वाटं. टोपीवाली चटईवरून हात फिरवत होती.

"लव्हाळं कुठून आणता मावशी?"

"असंच. इकडून तिकडून," सासूबाई म्हणाल्या.

"गावात चाळीस घरं चटया विणतात. इकडून तिकडून एवढं येतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी चटईकडे बघितलं.

टोपीवालीनं टोपी काढली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. "एक विचारते. ही यादी कशाला करतोय ते कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"करमत नसेल तुम्हाला."

"पाणथळ बुजवायची आहे मावशी. वर गोदामं बांधणार. बुजवायच्या आधी तिथं काय काय जगतं ते लिहून द्यावं लागतं. आमच्या यादीत आत्तापर्यंत शेळी, कुत्रा, तीन सरडे, कावळे. परवा दुपारी साहेब सही करणार. मग महिन्याभरात मुरमाचे ट्रक येतील."

सासूबाईंच्या हातातलं पातं तसंच राहिलं.

"एक जरी मोलाचा जीव निघाला तरी थांबतं सगळं," टोपीवाली म्हणाली. "मला पलीकडच्या दगडावर माशाचे खवले असलेली विष्ठा दिसली, लांबून, दुर्बिणीतून. पाणमांजराची वाटते. पण साहेब म्हणतात, लांबून बघितलेलं धरत नाही. त्याचं घर दाखवा, मग लिहितो. आहेत का हो पाणमांजरं?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले.

शपथ सांगते, विचार करून नाही म्हणाले. शिंक येते तसं आलं ते. पिढ्यान्‌पिढ्या घोटलेला शब्द, तोंड उघडलं की तोच पहिला बाहेर पडतो.

ती गेली. सासूबाईंनी पातं चटईत सारलं. मग म्हणाल्या, "आहेत ना गं?"

"आहेत. दोन वर्षं झाली, कापणीला गेलं की पुन्हा शीळ ऐकू येते. पण घर कुठं ते मला ठाऊक नाही."

"ठाऊक एकालाच असणार." त्या ओट्यावरून खाली थुंकल्या. "त्या चोंबड्याला."

चोंबडा म्हणजे मामा. त्याचं हे नाव कसं पडलं, ते सांगायला माझी जीभ जड होते, पण सांगते.

मी ते घर बघितलं त्याच महिन्यात गावात एक वहीवाला आला होता. या साहेबासारखाच गोड बोलणारा. गावानं रीतीप्रमाणे त्याला कोरड्या काठावर नेलं. तिथून परतताना तो पाणवठ्यावर माझ्याशी बोलत थांबला, आणि मी त्याला सगळं सांगितलं. हातवारे करून सांगितलं. कुठलं वळण, कुठल्या मुळ्या. आठ दिवसांनी फासे लावणारे आले. मामाच्या होडीशेजारी दोरीवर पाच कातडी वाळत घातलेली मी या डोळ्यांनी बघितली. त्यातली तीन माझ्या तळहाताएवढी.

गाव भडकलं. पाणमांजरांवर माया होती म्हणून नव्हे. कुणीतरी "आहे" म्हणालं होतं म्हणून. आणि घर ठाऊक असणारा गावाच्या मते एकच. मामाला मधे बसवून विचारलं, तर तो "मी नाही" एवढंच म्हणाला. "मग कोण?" यावर गप्प. त्याला ठाऊक होतं हो! दोघांनीच बघितलेलं घर, त्यानं सांगितलं नाही, तर उरलं कोण हे कळायला काय यादी लागते? त्यानं गर्दीत माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मीही घातली. मला घर होतं, नवरा होता, मान होता. मान खाली घालूनच ठेवावा लागतो असा मान.

त्यानंतर गावानं त्याचे मासे घेणं सोडलं. तो बारा कोस चालून परगावी विकायचा. त्याची सावली ओट्यावर पडली तर सासूबाई पाणी शिंपडून पुसून काढायच्या. आणि ते पाणी मी आणून द्यायची.

बाराव्या दिवशी सकाळी सगळं गाव मामाच्या होडीपाशी जमलं. बातमी पसरली होती, आणि कालपर्यंत "नाही" म्हणणाऱ्यांच्या तोंडाला फेस आला होता. ज्या कोरडेपणावर पोट जगवलं, तोच आता पोटावर मुरूम टाकायला निघाला होता. वारा पडलेला, लव्हाळ्याचं एक पातं हलत नव्हतं. साहेब छत्रीखाली घड्याळ बघत उभा, काखेत यादी. टोपीवाली चपला हातात घेऊन आधीच घोटाभर चिखलात.

मामा जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं वर बघितलंही नाही.

पुढारी पुढं झाला. वाटलं, बावीस वर्षांनी तरी माणसासारखं बोलेल. पण खोड मेल्याशिवाय जात नाही.

"काय रे चोंबड्या! गावाच्या उपयोगी पडायची संधी आलीय. चल, साहेबाला ते घर दाखव. तसंही सांगायची सवय आहेच तुला."

दोनचार जण हसले. खरंच हसले. घर जळत असताना विड्या पेटवून घेणारी जात.

मामानं जाळ्याची गाठ मारली, दातानं सूत तोडलं. "ज्याला सवय असेल त्याला घेऊन जा."

"अरे चाळीस घरांचं पोट आहे!"

"माझंही होतं."

"मागचं उगाळू नकोस. गाव तुला माफ करायला तयार आहे."

"माफ?" मामानं आता मान वर केली. केस पांढरे, डोळे मात्र तेच. "मी सांगितलं तरी चोंबडा, नाही सांगितलं तरी चोंबडा. आज घर दाखवलं तर उद्या म्हणाल, बघा, आम्ही म्हणत होतो ना, हाच तो. नाही दाखवणार."

"शेवटी जातीवर गेला!" सासूबाई माझ्या शेजारून कडाडल्या. "तेव्हा परक्यापाशी जीभ चालली, आता गावासाठी झिजते का रे?"

साहेबानं खिशातून पेन काढलं. टोपण उघडल्याचा बारीकसा आवाज झाला. "निरंक, असं लिहितो," तो म्हणाला. निरंक! लव्हाळ्यातली अंडी, चिखलातले खेकडे, मुळ्यांखाली श्वास घेणारं ते ऊबदार घर, सगळं एका शब्दात पुसलं जाणार होतं, आणि तो शब्द साहेबाचा नव्हताच. आमचा होता. आम्हीच त्याला उसना दिला होता.

"मामा," मी म्हणाले.

त्या हाकेनं लोक वळले. बावीस वर्षांत त्याला कुणी मामा म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी माझा दंड धरला. मी तो सोडवला आणि चिखलात उतरले.

"मामानं सांगितलं नव्हतं," मी गावाला म्हणाले. "मी सांगितलं होतं. त्या वहीवाल्याला घराची जागा मी दाखवली. मामाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं नाव त्यानं घेतलं नाही, आणि मी त्याला तुमच्या शिव्या खाऊ दिल्या."

पुढाऱ्यानं घसा खाकरला. "बाई घाबरलीय. काहीतरी बोलतेय..."

"तू गप्प बस," टोपीवाली म्हणाली. पुढाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं म्हणालं.

मामा उठला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. होडीची दोरी सोडली, होडी काठाला घट्ट धरली आणि टोपीवालीला हातानं खूण केली. ती बसली. साहेबही पुढं आला तेव्हा मामा म्हणाला, "बूट काढून." साहेबानं खाली वाकून नवे बूट काढले, मोजे काढले, पांढरे मऊ पाय चिखलात घातले आणि लहान मुलासारखा शहारला. कुणीही हसलं नाही. होडी लव्हाळ्यात शिरली आणि लव्हाळं तिच्यामागं मिटलं.

गाव काठावर उभंच होतं, मला मधे घेऊन. शेवटी सासूबाई पुढं आल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली होता.

"का सांगितलंस गं? काय दिलं होतं त्यानं तुला?"

मी खोटं शोधत राहिले. पैसे म्हणाले असते, तर गावाला पटलं असतं. घाबरवलं म्हणाले असते, तर दयासुद्धा आली असती.

"काही नाही दिलं," मी म्हणाले. "तुमच्या घरी येऊन मला वीस दिवस झाले होते, आणि त्या वीस दिवसांत तो पहिलाच माणूस होता, जो मला म्हणाला, हुशार आहेस."